काकांच्या संडासातलं दप्तर

आमच्या पणजोबांना सारं गाव ठेकेदार म्हणायचं. इंग्रजांच्या अमदानीत त्यांनी साकोलीपासून पार वैनगंगेच्या काठापर्यंत बांधकामं केली. शाळेच्या खोल्या, धानाची गोदामं, चौक्या आणि तलावाची तुडुमं. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायची मोरी. आमच्या भागात तलाव इतके, की तुडुमं बांधणाऱ्याला कधी रिकामं बसावं लागलं नाही, असं बाबा सांगतात. बाबांना पणजोबांचा अभिमान फार. बाबांचा जन्म झाला तेव्हा ठेकेदार जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे अभिमानाच्या आड येईल असं काही बाबांनी पाहिलेलं नाही.

इतर ठेकेदारांच्या घरी म्हणे लाल कापडात बांधलेल्या बह्या असतात, करारनामे असतात, नकाशे असतात. आमच्या घरी अर्ध्या विटांचा ढीग होता. ठेकेदारांचं सगळं दप्तर तेवढंच. त्यांचा कागदावर अजिबात विश्वास नव्हता. "कागद उधई खाते, पाऊस भिजवते, साहेब हरवते. विटेले कोन खाते?" असं ते म्हणायचे, असं आजोबा सांगायचे, असं बाबा सांगतात. उधई म्हणजे वाळवी. आमच्याकडे ती माणसांच्या आधीपासून राहते आहे, त्यामुळे म्हणण्यात तथ्य आहेच.

त्यांची पद्धत अशी होती. काम पुरं होत आलं की एक चांगली भाजलेली वीट निवडायची. छिन्नीने तिच्यावर त्या कामाची खूण कोरायची. शाळा असेल तर घंटा, तुडूम असेल तर पाण्याच्या लाटा, गोदाम असेल तर पोतं. मग हातोड्याचा एक ठोका घालून विटेचे बरोबर मधोमध दोन तुकडे करायचे, म्हणजे खुणेचेही दोन भाग झाले. एक अर्धी वीट त्या इमारतीतच बसवायची, दाराच्या आतल्या अंगाला, उजव्या हाताला, स्वतःच्या छातीइतक्या उंचीवर. दुसरी अर्धी बैलबंडीत टाकून घरी आणायची. पुढे कोणी म्हणालं की हे काम तुझं नाही, किंवा पुरं केलं नाहीस, तर आपली अर्धी वीट घेऊन जायचं आणि भिंतीतल्या अर्धीला लावून दाखवायची. तुटलेली कड दुसऱ्या कुठल्याही विटेला जुळत नाही. मला तर ही पद्धत आमच्या बँकेतल्या सहीच्या पडताळणीपेक्षा बरी वाटते.

गोम एकच होती. बही घरात असली की तिला बही म्हणून ओळखतात, दिवाळीला हळदकुंकू वाहतात. अर्ध्या विटांचा ढीग घरामागच्या सांदवाडीत पडलेला असला, की घरच्या बायकांना तो अर्ध्या विटांचा ढीगच दिसतो. पणजीने त्यातल्या तीन उचलून चूल मांडली. आजीने रांजण टेकवला. आत्या लग्न होऊन नाकाडोंगरीला गेली तेव्हा माहेरची आठवण म्हणून एक घेऊन गेली, आणि आजही तिच्या बकरीचं पाण्याचं घमेलं त्या आठवणीवर ठेवलेलं असतं. आमच्या लोखंडी कपाटाखाली लाटांची खूण असलेली एक होती, म्हणजे आमच्या घरच्या साड्यांना कुठल्या तरी तलावाचा आधार होता. एका विटेचा जोडीदार असलेलं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. ती अर्धी आईने बाजूला ठेवली, कपडे धुवायच्या दगडाखाली. तिची जोडी आता पाण्यात आहे तर हिलाही पाण्याची सवय असू दे, असं आई म्हणाली.

मग बाबा आणि काका वेगळे झाले. वाटणी शांततेत झाली. भांडण झालं ते नंतर, काकांच्या संडासावरून. गाव हागणदारीमुक्त करायची योजना आली, काकांनी अनुदानातून संडास बांधला आणि तो बरोबर आमच्या दोन घरांच्या सीमेवर बांधला. त्याची मागची भिंत आमच्या अंगणात येते. त्याच जागी खुर्ची टाकून बाबा वर्षानुवर्षं सकाळचा चहा पीत आणि पेपर वाचत आले होते. काकांचं म्हणणं, योजनेच्या माणसाने तीच जागा दाखवली. बाबांचं म्हणणं, धाकट्या भावाने मोठ्या भावाच्या पाठीशी उभं राहावं, पण अशा रीतीने नव्हे. बाबांनी खुर्ची हलवली नाही. बोलणं बंद केलं. ढीग काकांच्या वाटणीत गेला होता आणि तोही त्याच सुमारास नाहीसा झाला. काकांनी तो ट्रॅक्टरवाल्याला भरावासाठी विकून टाकला असं बाबांनी ठरवून टाकलं आणि त्याचाही राग मनात ठेवला. दोघे भाऊ रोज सकाळी एका भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसत आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत.

मी भंडाऱ्याला बँकेत नोकरी करते आणि शनिवारी साकोलीवरून गावी येते. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी आले तर बाबा दारातच उभे होते. "कोंडवाड्याचं वाचनालय होऊन राहिलं," म्हणाले, "अन् दगड लागणार आहे."

कोंडवाडा ही आमच्या गावातली सगळ्यात मजबूत इमारत. दुसऱ्याच्या बांधीत शिरलेली जनावरं तिथे कोंडायची आणि मालकाने दंड भरला की सोडायची, एवढंच तिचं काम. बैल आत राहून बाहेर पडायला धडका देतो, तेव्हा भिंती जाड लागतात. गावातली शाळा दोनदा पडून नवी झाली, ग्रामपंचायत गळते, पण कोंडवाड्याला तडा नाही. आता कोणी जनावरं कोंडत नाही, म्हणून सरपंचबाईंनी तिथे वाचनालय करायचं काढलं. दारावर दगड लावायचा, त्यावर मूळ बांधणाऱ्याचं नाव कोरायचं, आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाला, उद्घाटन करायचं.

बांधणारा म्हणजे आमचे ठेकेदार, याबद्दल बाबांना शंका नव्हती. शंका हार्डवेअर दुकानाच्या शेठना होती. शेठ बाबांचे शाळासोबती. त्यांच्या मते कोंडवाडा त्यांच्या आजोबांनी बांधला. त्यांच्या आजोबांनाही लोक ठेकेदारच म्हणायचे. बाबांच्या मते ते फक्त चुना पुरवायचे. पंचायतीत शेठनी एक फ्रेम केलेला फोटो आणून ठेवला. त्यात पागोटं घातलेले एक गृहस्थ हातात काठी घेऊन एका भिंतीसमोर उभे होते.

"मांगची भिंत पाहा," शेठ म्हणाले.

"भिंत तं माह्या घरी बी आहे," बाबा म्हणाले. "मी तिच्यासमोर उभा राहिलो म्हणून काय ताजमहाल माह्या बापानं बांधला?"

सरपंचबाई शाळेत माझ्या दोन वर्ग मागे होत्या आणि तेव्हाही भांडणं लावून न देता सोडवायच्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, शेठजी, दोघंही पुरावा आना. पोळ्याच्या आधी दगड कोरायले द्याचा आहे. पुरावा नसन तं नाव नाही, मंग मी आमदारांचंच टाकतो."

रात्रीच्या जेवणात बाबांच्या ताटातला भात तसाच राहिला, तेव्हा मी विचारलं, एवढं काय त्या कोंडवाड्याचं? गाईम्हशींची कोठडी ती. बाबा निवृत्त शिक्षक आहेत, आवाज चढवत नाहीत. ते म्हणाले, "साऱ्या गावाच्या पोरायची नावं मी हजेरीत लिहिली. पण ठेकेदाराचं नाव कुठंच लिहिलेलं नाही. त्यायनं बांधलेलं एकेक पडून चाललं, अर्धं धरणात गेलं. एका जागी तरी लिहिलेलं राहावं. मी जाच्या आधी." मग त्यांनी भात खाल्ला. मला मात्र पुढे जेववेना. मी सकाळी उठून वीट शोधायला लागले.

बाबांना ती आठवत होती. लहानपणी त्यांनी ढिगावर चढून पाहिली होती. कोंडवाड्याची खूण म्हणजे बैलाचं तोंड. म्हणजे आपल्या अर्धीवर एक शिंग, अर्धं कपाळ आणि एक डोळा. आम्ही चुलीच्या विटा उकरल्या, दोन पोती आणि एक घंटा निघाली. रांजण हलवला, तो फुटला. आत्याला फोन केला, तर ती म्हणाली, "थांब, बकरी पाणी पिऊन राहिली." बकरीचं झाल्यावर तिने विटेचा फोटो पाठवला, त्यात कंदील होता. हा कशाचा हे कोणालाच सांगता येईना. कपडे धुवायच्या दगडाखालची आईने काढू दिली नाही, वाकून मला फक्त दाखवली.

त्याच दुपारी काकू सीमेपलीकडे भाजी निवडत बसल्या होत्या. भाऊ बोलत नसले तरी जावांची वाट्यांची देवाणघेवाण कधीच थांबली नव्हती. मी सहज म्हटलं, काकू, शिंगाची वीट कुठे पाहिली का?

"शिंगाची नाही बाई," काकू म्हणाल्या. "इळ्याची आहे एक. आमच्या संडासात."

काकांनी ढीग ट्रॅक्टरवाल्याला दिलाच नव्हता. त्याचा संडास बांधला होता. बाहेरून, म्हणजे आमच्या बाजूने, गिलावा केलेला. आतून गिलावा करायच्या आधीच अनुदान संपलं म्हणून भिंत तशीच उघडी. मी आत गेले, दार लावलं, बसले, आणि समोर, मागे, दोन्ही बाजूंना माझ्या पणजोबांचं सगळं दप्तर. घंटा, लाटा, पोती, एक झाड, एक घोडा. कुठल्याही कचेरीत इतकं नीट लावलेलं दप्तर मी पाहिलेलं नाही. आणि मागच्या भिंतीत, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक वाकडं टोक आणि त्याखाली एक गोल. काकूंना रोज विळा आणि कांदा दिसायचा. मी फोटो काढला.

फोटो पाहून बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हेच. हेच शिंग. कुठं सापडलं?"

मी सांगितलं. पाणी लगेच आटलं.

तासभर ते त्याच भिंतीला खुर्ची टेकवून बसले. त्यांची पाठ त्या विटेपासून चार बोटांवर होती आणि गेली कित्येक वर्षं तशीच होती, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला असावा. मग उठले, धुतलेला सदरा घातला, डोक्यावर टोपी चढवली आणि म्हणाले, चल. बाबा टोपी लग्नाला आणि झेंडावंदनालाच घालतात. तो मान काकांच्या संडासाला मिळाला.

काका ओसरीत बसले होते. काका ठेंगणे आहेत, बाबा उंच. घरात म्हणतात की काका ठेकेदारांवर गेले. बाबांना पाहून ते उठले. दोघे समोरासमोर उभे राहिले, हात लांब केला तर लागेल इतके जवळ, आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"त्याले सांग," बाबा मला म्हणाले, "मले त्याचा संडास पाहाचा आहे."

"त्यायले सांग, रिकामा आहे," काका मला म्हणाले.

बाबा आत गेले. बराच वेळ आतच होते. काकूंनी मला हळूच विचारलं, पाणी नेऊन द्यावं का? बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "त्याले सांग, मी समजत होतो त्यानं दप्तर विकलं."

काका म्हणाले, "त्यायले सांग, बापजाद्याची वस्तू विकत नाही मी. वापरली."

वीट काढायचा विषय मी काढला. काका चपापले. संडास सरकारी अनुदानाचा, त्याचा फोटो वरपर्यंत गेलेला, उद्या तपासणी आली आणि भिंतीला भोक दिसलं तर अनुदान परत मागतील. बाबांनी माझ्यामार्फत कळवलं की भोक ते स्वतः बुजवून देतील, गवंडी लावून, सिमेंटने. काकांनी माझ्यामार्फत विचारलं की दगडावर नाव कोणाचं लागणार. ठेकेदारांचं, बाबा म्हणाले. "मंग ते काय एकट्याचे आहेत का त्यायचे?" काका म्हणाले. "माहे बी आहेत. वीट मीच नेईन, माह्या हातानं. तसं असन तं फोडतो." मी मध्ये उभी राहून मान इकडून तिकडे फिरवत होते, आणि मला दोघांचाही इतका राग आला होता की एकदा वाटलं, दोघांना आत घालावं आणि बाहेरून कडी लावावी.

काकांनी संध्याकाळी वीट काढली. काकूंनी ती फिनाईलने धुतली, मग दुधाने, मग पुन्हा फिनाईलने, कारण दुधाला मुंग्या लागल्या.

कोंडवाड्यासमोर ठरलेल्या दिवशी बरेच लोक जमले. धानाची रोवणी उरकली होती, गाव मोकळं होतं. काकांनी वीट नव्या दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरली होती. शेठ फोटो घेऊन आले होते. ते काकांच्या शेजारी उभे राहिले आणि जरा वेळाने दोन पावलं सरकले. "फिनाईलचा वास कायले येऊन राहिला?" त्यांनी विचारलं. काकांनी दुपट्टा आणखी घट्ट आवळला.

आता भिंतीतली अर्धी शोधायची होती. दाराच्या आत, उजव्या हाताला, छातीच्या उंचीवर. बाबांनी दारात उभं राहून आपल्या छातीशी हात लावला आणि गवंड्याला तिथे खरवडायला सांगितलं. चुन्याचे थर निघाले, मग गेरू, मग कुटुंबनियोजनाचं लाल त्रिकोणाचं चित्र, मग पुन्हा चुना. खाली निघालेली वीट अख्खी होती, खूण नव्हती. बाजूचीही अख्खी. बाबांनी जरा वर खरवडायला लावलं. तिथेही काही नाही. शेठ फोटो पुसायला लागले.

मला बाबांकडे पाहवेना. टोपीखालून घाम गालावर आला होता आणि तो पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

तेव्हा काका पुढे झाले. कोणाला काही न बोलता दारात जाऊन उभे राहिले, विटेचं गाठोडं एका हातात, आणि दुसरा हात आपल्या छातीला लावून तसाच भिंतीवर टेकवला. बाबांच्या छातीपासून तो चांगला वीतभर खाली होता. "इथं," काका म्हणाले. "ते माह्याएवढे होते, भाऊ."

भाऊ. कितीतरी वर्षांनी काकांनी ती हाक थेट मारली होती. बाबांनी गवंड्याच्या हातातली थापी घेतली आणि ते स्वतः वाकून खरवडायला लागले. कुटुंबनियोजनाचं उरलेलं कुटुंब निघालं. त्याखाली तुटकी कड लागली, मग एक शिंग, मग एक डोळा.

काकांनी दुपट्टा सोडला आणि आपली अर्धी टेकवली. टक्क करून बसली. मधे केसही शिरला नसता. एक अख्खा बैल, जरा तिरळा, आमच्याकडे पाहत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठ वाकून बघत म्हणाले, "हे तं बकरी वाटते." सरपंचबाई म्हणाल्या, "शेठजी, कोंडवाड्यात बकऱ्या बी कोंडत होते. वीट जुळली, विषय संपला." आणि त्यांनी पिशवीतून पेन काढला. "सांगा गुरुजी, दगडावर नाव काय लिहू?"

बाबांनी नाव सांगितलं.

काकांनी त्याच वेळी दुसरंच सांगितलं.

सरपंचबाईंचा पेन हवेत राहिला. मला आधी वाटलं काका मुद्दाम करताहेत. पण नाही. बाबांकडे वाटणीत जो जुना सातबारा आला त्यावर आजोबांच्या वडिलांचं एक नाव होतं, आणि काकांकडे आजोबांचा शाळेचा दाखला आला त्यावर वेगळं. एक बहुतेक राशीचं असेल, एक हाक मारायचं. कुठलं खरं, हे सांगणारं कोणी उरलेलं नाही. गावाला विचारलं तर गावाला फक्त ठेकेदार माहीत. आणि ठेकेदारांनी स्वतः आयुष्यभर कागदावर काही लिहिलं नाही, विटेवर लिहिलं तर बैल काढला. ज्या माणसाने आपल्या प्रत्येक कामाचा पक्का पुरावा मागे ठेवला, त्याने आपल्या नावाचा मात्र ठेवला नव्हता.

"सातबारा सरकारी कागद आहे," बाबा म्हणाले.

"दाखला काय मी घरी छापला?" काका म्हणाले.

"तलाठी चुकत नसते."

"तलाठ्यानं तं मले सातबाऱ्यावर मेला दाखवलं होतं, भाऊ. आठवते का?"

बाबांना आठवत होतं. ते हसले नाहीत, पण टोपी काढून हातात घेतली. मग दोघे बोलतच राहिले. कोंडवाड्यापासून घरापर्यंत बोलत आले, आमच्या अंगणात उभे राहून बोलले, काकूंनी जेवायला बोलावलं तरी बोलत होते. प्रत्येक वाक्यात भांडण होतं आणि मी त्यात कुठेच नव्हते. "त्याले सांग" असं एकदाही कोणी म्हणालं नाही. आई स्वयंपाकघरात पदराने डोळे पुसत होती. मी काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, कांदा.

नाव काही ठरलं नाही. तान्ह्या पोळ्याला दगड लागला. सरपंचबाईंनी स्वतःच्या अकलेने कोरून घेतला होता. वर बैलाचं तोंड, तिरळ्या डोळ्यासकट, आणि खाली मोठ्या अक्षरांत, हा कोंडवाडा ठेकेदाराने बांधला. आता कुठलीही इमारत ठेकेदारानेच बांधलेली असते, पण हे कोणी बोललं नाही. शेठ खूश झाले, कारण त्यांचे आजोबाही ठेकेदारच होते. त्यांनी दगडाखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि आता त्यांच्या दुकानात दोन फ्रेमा आहेत. गावातली पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन आली आणि त्यांनी ते दगडासमोर ओळीने उभे केले. बाबा काकांना म्हणाले, "नाव नाही आलं रे." काका म्हणाले, "बैल आला ना." बाबांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते खट्टू होतील. ते पोरांच्या बैलांना चणेफुटाणे वाटत होते.

वीट परत काकांकडे गेली नाही. सरपंचबाईंनी ती भिंतीतल्या जोडीला चिकटवून वर काच बसवली. त्यामुळे संडासाच्या भिंतीतलं भोक तसंच राहिलं. बाबांनी कबूल केल्याप्रमाणे सिमेंटची गोणी आणली आणि ओसरीत ठेवली. पावसाच्या दमटपणाने ती तिथेच घट्ट झाली. मी दोनदा गवंड्याला बोलावलं, दोनदा बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. कारण मला आईने सांगितलं. सकाळी बाबा त्या भिंतीला खुर्ची टेकवून पेपर उघडायचे आणि पाठीमागच्या भोकातून आवाज यायचा, "भाऊ, धानाच्या भावाचं काय म्हनते?" मग बाबा मोठ्याने वाचून दाखवायचे. धानाचा भाव, पाऊस, कोण पडलं, कोण निवडून आलं, आणि शेवटी पणजोबांच्या नावावरून ठरलेलं भांडण. काकांना आताशा आत बराच वेळ लागतो अशी काकूंची तक्रार होती.

हे असंच चाललं असतं. पण एकदा काका मुलीकडे तुमसरला गेले आणि जायचं बाबांना सांगायचं विसरले. सकाळी आत हालचाल ऐकू आली तसा बाबांनी पेपर उघडला आणि खणखणीत आवाजात पहिल्या पानापासून सुरुवात केली. अग्रलेखाच्या मध्यावर आले तेव्हा भोकातून अगदी बारीक आवाज आला.

"भाऊजी, मी आहो."

काकू बाबांसमोर आजही डोक्यावरचा पदर पडू देत नाहीत. बाबा पेपर तिथेच टाकून जे उठले ते थेट बांधीवर गेले आणि दुपारी जेवायलाही आले नाहीत. काकूंनी दोन दिवस आमच्याकडे वाटीसुद्धा पाठवली नाही.

मला वाटलं आता तरी भोक बुजेल. बाबांनी सुताराला बोलावलं. त्याने भोकाला सागाची छोटीशी झडप करून दिली, आणि कडी आतल्या बाजूला, काकांकडे. सीमेवरच्या संडासाला खिडकी कशाला, असं सुताराने विचारलं. दप्तराची आहे, बाबा म्हणाले.

आता मी शनिवारी गावी आले की रविवारी सकाळी मुद्दाम अंगणात चहा घेते. बाबा खुर्चीवर बसलेले असतात, पेपर मांडीवर मिटलेला. पलीकडे दार वाजतं, तरी ते पेपर उघडत नाहीत. काकू असतील तर कडी निघत नाही, आणि बाबा आंब्याच्या झाडाकडे बघत बसतात. कडी निघाली की चष्मा लावतात.

"आला का? बस," ते मागे न बघता म्हणतात.

"बसलोच आहो," काका म्हणतात. "वाच."